रंगपेन्सिलीवर द्रावक फिरवल्यावर डाग का पडतात, आणि पडल्यास काय करावे

रंगपेन्सिलींनी रंगवलेला भाग टर्पेंटाइनने किंवा तत्सम द्रावकाने गुळगुळीत करायला गेल्यावर रंग सारखा होण्याऐवजी फिके-गडद डाग उमटतात, मधूनमधून कागदाचे पांढरे ठिपके डोकावतात, आणि ते झाकण्यासाठी कागदी स्टंप (छटा पसरवायची कागदाची टोकदार काडी) घासला की सगळा भाग मळकट होऊन त्यावर पुढे पेन्सिलच चालेनाशी होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील चित्रकलेच्या विद्यार्थ्यांकडून आणि हौशी चित्रकारांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकाराने घडवलेल्या बेळगावात व्यक्तिचित्राची ओढ अजूनही मोठी आहे, आणि हे डाग नेमके गालावर किंवा कपाळावर पडले तर आठवड्याभराची मेहनत वाया जाते. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहे.

अशा वेळी दोष सहसा द्रावकाला दिला जातो. टर्पेंटाइन जुने असेल, माल बरा नसेल, असे म्हणून खडेबाजारातून दुसरी बाटली आणली जाते आणि पुढच्या चित्रावर तेच डाग पुन्हा पडतात. बाटली खराब असू शकते, आणि ती कशी ओळखावी हे पुढे येईलच; परंतु माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चित्रांत बिघाड द्रावक लागण्याच्या आधीच झालेला असतो. एक तर कागदावर रंग पुरेसा बसलेला नसतो, किंवा द्रावकाच्या आधी कोरडा स्टंप घासून कागदाचा दाणा, म्हणजे त्याचा बारीक खडबडीतपणा, बुजवलेला असतो. द्रावकातून नवा रंग येत नाही. कागदावर आधीपासून असलेल्या रंगाचे मेण मोकळे करून तो रंग दाण्याच्या खोलगट जागांत उतरवणे, एवढेच त्याचे काम आहे.

कोरडा स्टंप रंगावर का चालत नाही

आपल्याकडे छायाप्रकाशाचे पहिले धडे शिसपेन्सिलीवर होतात. कर्नाटकातील लोअर आणि हायर ग्रेड परीक्षांची तयारी असो किंवा सीमेपलीकडच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची, वस्तुचित्राचा सराव करताना पुष्कळ मुलांच्या हाती स्टंप लवकर येतो आणि त्याने छटा सरकवण्याची सवय हाताला जडते. शिसपेन्सिलीची कांडी ग्राफाइट आणि माती एकत्र करून भट्टीत भाजलेली असते. कागदावर उतरलेले ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात, त्यामुळे स्टंप फिरवताच छटा पसरते. कोळशाचेही तसेच आहे. तो कागदावर सुटी भुकटी म्हणूनच बसतो.

रंगपेन्सिलीची कांडी भाजलेली नसते. रंगद्रव्य, चिनी माती किंवा शंखजिऱ्यासारखे भरीचे पदार्थ, एखादा डिंक आणि मेण किंवा तेल यांचे ते घट्ट मिश्रण असते, आणि रंगाचा प्रत्येक कण या मेणात अडकूनच कागदावर येतो. त्यावर कोरडा स्टंप घासला तर रंग फारसा सरकत नाही. मेण दाबले जाते, त्याला चकाकी येते, कागदाचे उंच दाणे सपाट होतात आणि खोलगट जागांतील पांढरेपणा तसाच राहतो. या चकाकलेल्या भागावर नंतर द्रावक लावला, तर जिथे घासणे कमी झाले तिथे तो लगेच आत शिरतो आणि जिथे जास्त झाले तिथे वरच रेंगाळतो. तक्रारीतील फिके-गडद डाग बहुधा येथूनच जन्म घेतात. म्हणून द्रावक वापरायचा असेल तर त्याच्या आधी कोरडा स्टंप कागदाला लावू नये.

डाग पाहून कारण ओळखणे

चित्र खिडकीजवळ नेऊन उजेड एका बाजूने तिरपा पडेल असे धरावे. समोरून न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी तिरप्या उजेडात स्पष्ट होतात.

सगळीकडे बारीक पांढरे ठिपके असतील आणि त्यांचा आकार कागदाच्या दाण्याशी जुळत असेल, तर रंगाचे थर कमी पडले आहेत. पेन्सिलीला चांगले टोक काढून, हात हलका ठेवून, लहान वर्तुळाकार फिरवीत तीन-चार थर द्यावेत आणि प्रत्येक थराची दिशा थोडी बदलावी. बोथट टोक दाण्याच्या माथ्यावरूनच घसरत जाते आणि तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून टोकाला येथे इतके महत्त्व आहे. कागद हातभर अंतरावर धरल्यावर रंग अखंड दिसू लागला की द्रावक लावण्याइतका रंग कागदावर आला असे समजावे.

ठिपक्यांऐवजी केसासारख्या बारीक पांढऱ्या रेषा दिसत असतील, तर तो दाबाचा परिणाम आहे. आराखडा काढताना कडक पेन्सिल जोरात टेकली किंवा ट्रेसिंग करताना कागदात चर पडली, तर त्या चरीत रंगपेन्सिलीचे टोक उतरत नाही आणि द्रावकानेही ती भरून निघत नाही. आराखडा हलक्या हाताने काढणे हा यावरचा खरा उपाय. पडलेल्या चरीत अगदी अणकुचीदार टोकाने रंग भरता येतो, पण ते काम किचकट आहे.

कडेला गडद रेघ आणि मध्ये फिका भाग, असा डाग असेल तर द्रावक जास्त झाला आहे. ओल्या भागाची कड आधी वाळू लागते, आतील द्रव कडेकडे सरकतो आणि जाताना रंगाचे कण सोबत नेऊन तिथे सोडतो. ब्रश द्रावकात बुडवल्यावर तो जुन्या सुती कापडावर टिपून जवळजवळ कोरडा करावा आणि मगच कागदाला लावावा. कागदावर ओलसरपणाची झाक दिसली पाहिजे, थेंब दिसता कामा नये.

ठरावीक जागीच, विशेषतः तळहात टेकतो त्या बाजूला, रंग न धरणारे पट्टे दिसत असतील तर ते घामाचे किंवा केसांना लावलेल्या तेलाचे डाग असतात. हाताखाली एक कोरा कागद ठेवला की हा त्रास थांबतो. जाळीसारखा नियमित नक्षीचा पोत उमटत असेल, तर बहुधा यंत्रावर तयार झालेल्या कागदाची जाळीकडची बाजू वर आली आहे. कागद उलटून दुसऱ्या बाजूवर काम करावे.

कागदाला पोक येऊन तो लाटेसारखा उठत असेल, तर ही खूण फार उपयोगी आहे. टर्पेंटाइन किंवा मिनरल स्पिरिट (पेट्रोलियमपासून केलेला द्रावक) यांनी कागदाचे तंतू फुगत नाहीत, म्हणून कागदही वाकत नाही. कागद वाकला याचा अर्थ कुठून तरी पाणी आले. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक स्पिरिटांत पाण्याचा मोठा वाटा असतो, आणि ते वापरले असेल तर कागद उठणारच.

द्रावक लावूनही काहीच घडले नाही, तर पेन्सिल तपासावी. रद्दी कागदावर एक पट्टा ओढून त्यावर साध्या पाण्याचा ब्रश फिरवावा. रंग विरघळला तर ती जलविद्राव्य पेन्सिल आहे, तिला पाणीच योग्य. पाण्यानेही विरघळली नाही आणि द्रावकाने नुसतीच खडूसारखी फिकट झाक आली, तर कांडीत भरीचा पदार्थ जास्त आणि रंगद्रव्य कमी आहे. शालेय दर्जाच्या पुष्कळ पेन्सिली अशाच असतात. त्यांच्यावर द्रावकाचे प्रयोग करण्यापेक्षा थरांवर थर देऊन रंग दाट करणे बरे. पांढऱ्या किंवा रंगहीन पेन्सिलीने शेवटी घोटून घेतल्यास त्याही चांगले काम देतात.

काही दिवसांनी गडद भागांवर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते, तिला द्रावकाचा डाग समजू नये. मेणयुक्त पेन्सिलींतील मेण हळूहळू पृष्ठभागावर येते, त्याची ती झाक असते. मऊ कापड अलगद फिरवले की ती निघते आणि वरून फिक्सेटिव्हचे (रंग कागदावर पक्का करणाऱ्या द्रवाचे) हलके फवारे दिले तर सहसा परत येत नाही. तेलयुक्त पेन्सिलींना हा त्रास क्वचितच होतो.

पावसाळ्यात बेळगावचा कागद

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारालगत आहे. जूनपासून झड लागली की घरातील वह्या-पुस्तकेसुद्धा दमट लागतात, आणि खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात तर पाऊस आणखी जास्त. चित्रांवर याचा परिणाम होतो तो कागदामार्गे. हवेतील ओल शोषून घेतलेल्या कागदाचा दाणा मऊ पडतो, पेन्सिल त्यावर करकरीत चालत नाही, रंग कमी उतरतो आणि तो भरून काढण्यासाठी हात आपोआप जोर लावतो. मग वर सांगितलेले दोन्ही दोष, अपुरा रंग आणि दाबलेला दाणा, एकदमच येतात. तोच कागद आणि त्याच पेन्सिली घेऊन अथणीसारख्या कोरड्या भागातील मुले सुबक काम करतात आणि पश्चिमेकडची मुले आपल्या हाताला दोष देत बसतात, हे पाहून वाईट वाटते.

कागदाचे ताव प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवावेत आणि कामाला बसण्याआधी लागेल तेवढाच ताव बाहेर काढावा. ओल लागलेलीच असेल तर टेबलावरच्या दिव्याखाली, वीतभर अंतर ठेवून, कागद थोडा वेळ धरला तरी फरक जाणवतो. हिवाळ्यात अडचण उलटी असते. डिसेंबरच्या पहाटे बाटलीतले खोबरेल जसे थिजते तसे कांडीतले मेणही कडक होते आणि रंग कमी सोडते. पेन्सिली काही मिनिटे मुठीत धरल्या की ताळ्यावर येतात.

कागद निवडताना पातळ वही टाळावी. द्रावकाने कागद फुगत नसला तरी पातळ कागदातून तो मागच्या पानावर उतरतो, आणि घासण्याला असा कागद टिकतही नाही. चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या वरचा, बारीक दाण्याचा कागद या कामाला योग्य. अगदी गुळगुळीत कागदावर तीन थरांनंतर रंग धरायला जागा उरत नाही.

बाटलीची परीक्षा

पांढऱ्या कागदावर द्रावकाचा एक थेंब टाकून तो रात्रभर ठेवावा आणि सकाळी कागद उजेडासमोर धरावा. काहीही दिसले नाही तर द्रावक स्वच्छ उडून जाणारा आहे. तेलकट, पारदर्शक वर्तुळ राहिले असेल तर तो चित्राभोवतीही तसेच वर्तुळ सोडेल, आणि ते पुढे जात नाही. रॉकेल या परीक्षेत नापास होते, बेबी ऑइल तर होतेच, कारण ते उडून जाणारे तेल नव्हे. टर्पेंटाइनसुद्धा अर्ध्या भरलेल्या बाटलीत फार दिवस राहिले की हवेमुळे घट्ट आणि पिवळट होते व चिकट अंश मागे सोडते. ते शक्यतो लहान बाटलीत घ्यावे.

चित्रकारांसाठी मिळणारे गंधरहित मिनरल स्पिरिट मिळत असेल तर ते उत्तम. ते हळू उडते, त्यामुळे हाताला वेळ मिळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेण फारसे विरघळवत नाही, रंग थोडा हलवते इतकेच. काही स्वस्त पेन्सिलींतील गुलाबी आणि जांभळे रंग मात्र त्यात फुटून भलतीकडे पसरतात. हार्डवेअरच्या दुकानातील थिनर आणि नखांचे पॉलिश काढायचे द्रव यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्या वाफा तीव्र असतात आणि ते इतके लवकर उडतात की ब्रशचा प्रत्येक फटकारा वेगळा दिसतो.

खानापुरी मडक्यावरून एक उदाहरण

खानापूरच्या तांबूस मातीचे मडके वस्तुचित्राला वारंवार ठेवले जाते, आणि डागांची सगळी कारणे त्या एका वस्तूत भेटतात: गोलाई, उजेडाची मऊ कड, आणि काठाखालची खोल सावली. आधी सगळ्या अंगाला यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) हलका थर द्यावा, चकाकीची जागा मोकळी सोडावी. त्यावर नारिंगी, मग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), आणि सावलीकडे जाताना निळा किंवा गर्द हिरवा. सावलीत काळी पेन्सिल घालण्याचा मोह आवरावा. काळ्याचे कण फार बारीक आणि जोरकस असतात; द्रावक लागताच ते नारिंगीत शिरतात आणि भाजलेल्या मातीचा उबदारपणा हरवून मडके काजळी धरल्यासारखे दिसते. तांबड्या-नारिंगीवर निळा आला की सावली आपसूक गडद होते, आणि द्रावकाने मिसळल्यावरही तिच्यात मातीचा रंग जिवंत राहतो.

द्रावक उजेडाच्या बाजूने सुरू करून सावलीकडे न्यावा. उलट केले तर सावलीतला रंग ब्रशला लागून उजेडात येतो. फटकारे मडक्याच्या गोलाईने द्यावेत, दर दोन-तीन फटकाऱ्यांनी ब्रश कापडावर पुसावा, आणि चकाकीच्या कडेला पोहोचल्यावर ब्रश पूर्ण पुसून कडेवरून नुसता अलगद फिरवावा.

त्यानंतर थांबावे. बहुतेकांची घाई येथे नडते. ओलसर कागदावर पेन्सिल टेकली तर कांडीचे टोक विरघळून जाड, गडद रेघ उमटते आणि ती खोडरबराने निघत नाही. कागद सुकला की नाही हे वासावरून कळेलच असे नाही. बोटाची मागची बाजू कागदाला अलगद टेकवावी: द्रावक उडत असेपर्यंत तो भाग शेजारच्या कोऱ्या कागदापेक्षा गार लागतो. गारवा गेला की दुसरा फेरा सुरू करावा. पहिल्या फेऱ्याने दाण्याच्या तळाशी रंग बसलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या फेऱ्यातील थर कमी श्रमात दाट दिसतात. तपशील, म्हणजे काठावरची चीर किंवा चाकाच्या वळ्या, अगदी शेवटी कोरड्या पेन्सिलीने काढाव्यात आणि त्यांवर द्रावक लावू नये.

स्टंपची खरी जागा

इतके सगळे सांगितल्यावर स्टंप टाकून द्यावा असे कुणाला वाटेल, पण तसे नाही. पार्श्वभूमीची मऊ छटा, मडक्याखालची पडछाया, गालावरून मानेकडे जाणारी विरळ सावली, अशा ठिकाणी द्रावकाने किंचित दमट केलेला स्टंप ब्रशपेक्षा चांगला चालतो, कारण त्यात द्रव थोडाच मावतो आणि तो हळूहळू बाहेर येतो. टोक द्रावकाला नुसते टेकवून कापडावर दाबावे, आणि टोकापेक्षा बाजूने, जोर न देता फिरवावे. दोन्ही बाजूंनी टोकदार, आतून भरीव असलेला स्टंप यासाठी घ्यावा. कागद गुंडाळून केलेला पोकळ प्रकार दमट झाल्यावर टोकाशी उलगडतो. घरी स्टंप करायचा असेल तर वर्तमानपत्र नको, त्याची शाई द्रावकात सुटते. कोरा न्यूजप्रिंट किंवा टीपकागद घ्यावा.

उजळ उबदार रंगांना एक, निळ्या-हिरव्यांना एक, आणि गडद रंगांना एक, असे निदान तीन स्टंप वेगळे ठेवावेत. चित्र मळकट होण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते की कालच्या झाडाचा हिरवा रंग आजच्या चेहऱ्यावर उतरतो. स्टंप पॉलिश पेपरवर घासून टोक स्वच्छ करता येते, आणि एक टोक कायम कोरडे ठेवलेले बरे.

डाग पडलाच असेल तर

द्रावक लागलेला रंग तंतूंत उतरलेला असतो, म्हणून खोडरबराची अपेक्षा धरू नये. रबराने चकाकी वाढते आणि दाणा मरतो. कड धरलेला गडद डाग असेल तर स्वच्छ ब्रश किंचित ओला करून कडेवर बाहेरच्या दिशेने फिरवावा आणि लगेच टीपकागद वरून नुसता दाबावा, घासू नये. थोडा रंग उचलला जातो, उरलेला पसरून उठून दिसत नाही. कागद पूर्ण सुकल्यावर भोवतालच्या भागाला हळूहळू त्या डागाच्या छटेपर्यंत आणणे हा दुसरा मार्ग, आणि माझ्या मते अधिक भरवशाचा. फिका भाग गडद करणे रंगपेन्सिलीला नेहमीच सोपे जाते. स्टंपने चकाकलेल्या भागावर द्रावक अगदी पातळ लावून मेण सैल करावे, सुकू द्यावे, आणि मग मऊ कांडीच्या पेन्सिलीने थर द्यावेत. कागदाचा दाणाच चेपला गेला असेल तर मात्र तिथे फार थर बसणार नाहीत, हे धरून चालावे. तेलकट वर्तुळावर शंखजिऱ्याची पावडर भुरभुरून रात्रभर ठेवल्यास वरवरचे तेल शोषले जाते, पूर्ण डाग जात नाही. तिथे पार्श्वभूमीला रंग देणे भाग पडते.

काम करताना घ्यायची काळजी

पावसात खिडक्या लावून घेऊन द्रावक वापरू नये. गंधरहित म्हणजे निरुपद्रवी नव्हे; वास येत नसल्यामुळे वाफ साठल्याचे लक्षात येत नाही. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंश सेल्सिअसला पेट घेऊ शकते, आणि गोकाक-अथणीकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा त्याच्याही वर जातो. देवघरातील समई, उदबत्ती, गॅसची शेगडी यांच्यापासून ही कामे दूरच्या खोलीत करावीत. टर्पेंटाइनने काहींच्या कातडीला खाज सुटते, त्यांनी हातमोजे घालावेत. द्रावक कधीही शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये, कारण लहान मुलांच्या पोटात आणि तिथून फुप्फुसांत गेला तर तो जिवावर बेततो. असे घडल्यास उलटी करवू नये, लगेच दवाखाना गाठावा.

वापरलेला द्रावक मोरीत ओतण्याची गरज नाही. झाकणाच्या काचेच्या बाटलीत तो दोन-तीन दिवस हलवल्याशिवाय ठेवला की रंगाचे कण तळाशी बसतात. वरचा स्वच्छ भाग अलगद दुसऱ्या बाटलीत काढून पुन्हा वापरता येतो. तळाचा गाळ जुन्या कागदावर पुसून घ्यावा, तो कागद उघड्यावर, विस्तवापासून लांब, पूर्ण वाळवावा आणि मगच कचऱ्यात टाकावा.